कांताराचा ‘चॅप्टर १’ आधी बघू नका

‘केजीएफ चॅप्टर १’ २०१८ च्या डिसेंबरात आला आणि ‘चॅप्टर २’ २०२२ च्या एप्रिलात. हिशेब सरळ आहे. ‘कांतारा’चा हिशेब तसा नाही. ‘कांतारा’ आला २०२२ च्या सप्टेंबरात आणि ‘कांतारा चॅप्टर १’ त्यानंतर तीन वर्षांनी, २०२५ च्या ऑक्टोबरात. दोन्ही मालिका कन्नड, दोन्हींच्या नावात ‘चॅप्टर १’, पण एकीत १ म्हणजे सुरुवात आणि दुसरीत १ म्हणजे पूर्वकथा. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या मराठी घरांत हे चित्रपट आवडीने बघतात, कुणी मूळ कन्नडमध्ये, कुणी हिंदी डबिंगमध्ये. थिएटर हुकलेला माणूस आता टीव्हीवर किंवा मोबाइलवर नाव शोधतो, समोर १ चा आकडा दिसतो आणि तिथूनच सुरू करतो. कथेतला काळ बघितला तर त्याचं बरोबरच आहे. बघणाऱ्याच्या दृष्टीने मात्र ही चूक आहे, आणि तिने चांगल्या चित्रपटाचं नुकसान होतं.

‘कांतारा’च्या सुरुवातीला १८४७ सालचा राजा आहे. मन:शांती शोधत तो जंगलात जातो, तिथे त्याला दैवाचा दगड मिळतो आणि त्याच्या बदल्यात तो गावकऱ्यांना जमीन देतो. मग येतं १९७० साल. त्याच घराण्यातला वंशज जमीन परत मागायला येतो आणि भूत कोलात, म्हणजे दैव अंगात येण्याच्या विधीत, अंगात आलेल्या माणसालाच विचारतो, हे तू बोलतोयस की दैव बोलतंय? उत्तर मिळतं, मी नुसता माणूस असेन तर तुम्हाला सापडेन, दैव असेन तर कुणाच्या नजरेस पडणार नाही. एवढं बोलून तो रानात धावत सुटतो आणि नाहीसा होतो. यल्लम्माच्या डोंगरावर, घरच्या गोंधळात, जत्रेत अंगात येणं जवळून बघितलेल्या आपल्याकडच्या माणसाला हा प्रश्न परका नाही. तो माणूस गेला कुठे, हे मनात धरूनच पुढचा सगळा चित्रपट बघायचा असतो. २०२५ चा चित्रपट त्या प्रश्नाच्या मुळाशी जातो, थेट कदंब राजांच्या काळात. तो आधी बघितला तर प्रश्न पडायच्या आत उत्तर हातात येतं, आणि न विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तराला काही चव नसते. पंजुर्ली, गुळिगा ही दैवतं तुळुनाडूतली, म्हणजे मंगळूर-उडुपीकडची. आपल्याला ती ओळखीची नाहीत. पहिल्या चित्रपटात त्यांची ओळख हळूहळू होत जाते. नंतरचा चित्रपट ती ओळख झालेली आहे असं धरूनच चालतो.

लांबलचक मालिका कथेतल्या सालांप्रमाणे बघावी की चित्रपट ज्या क्रमाने आले त्या क्रमाने, हा वाद जुना आहे. माझं मत ठाम आहे. पहिल्यांदा बघताना चित्रपट आले त्याच क्रमाने बघावेत. कथेत आधी काय घडलं ते कथेतल्या माणसांचं आयुष्य झालं. आपल्याला आधी काय कळावं, हे सांगणाऱ्याने विचार करून ठरवलेलं असतं, आणि ते ठरवण्यातच त्याचं अर्धं कसब असतं. याला एक अपवाद आहे, आणि नेमका तो आपल्या भागातल्या मराठी माणसाच्या फार जवळचा आहे. त्याबद्दल पुढे.

आधी ‘बाहुबली’ घेऊ, कारण तो न बघितलेलं घर शोधावं लागेल. २०१५ च्या पहिल्या भागात भल्लालदेवाच्या मुलाचं मुंडकं उडवलं जातं तो रात्रीचा प्रसंग आठवा. म्हातारा कटप्पा तलवार उगारून शिवावर धावून जातो, त्याचा चेहरा दिसतो आणि जागीच थबकतो. गुडघ्यांवर घसरत पुढे येतो, त्या पोराचा पाय उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवतो आणि एक नाव घेतो. थिएटरातल्या माणसाला त्या घटकेला एवढंच कळतं की या चेहऱ्यात असं काहीतरी आहे ज्यापुढे हा योद्धा कोसळला. हा चेहरा कुणाचा? इथून चित्रपट मागे वळतो आणि बापाची गोष्ट सुरू होते. आता तीच गोष्ट सालवार लावून बघा. आधी बाप अमरेंद्र, त्याचं लग्न, त्याचा खून, मग धबधब्याखाली वाढलेलं पोर, आणि शेवटी कटप्पाचं गुडघ्यांवर येणं. प्रसंग तोच, पण बापासारखा दिसणारा मुलगा नोकराने ओळखला एवढाच त्याचा अर्थ उरतो. आणि ‘कटप्पाने बाहुबलीला का मारलं’ हा प्रश्न, जो २०१५ ते २०१७ अशी दोन वर्षं चहाच्या टपरीपासून कॉलेजच्या कट्ट्यापर्यंत चघळला गेला, तो जन्मालाच येत नाही. कारण मारण्याचं कारण आपण मारण्याआधीच बघून बसलेलो असतो. २०२५ मध्ये दोन्ही भाग कापून-जोडून एकच चित्रपट केला गेला. तेव्हाही मागे जाऊन गोष्ट सांगायची ही रीत मोडली नाही.

उलट बाजूचं म्हणणं दुबळं नाही. ते असं: आपल्याला ठाऊक आहे आणि पात्राला नाही, यातही मोठा रस असतो. कर्ण कुंतीचा पहिला मुलगा, हे महाभारत आपल्याला आदिपर्वातच सांगून टाकतं. उद्योगपर्वात कुंती कर्णाला भेटायला जाते तेव्हा ऐकणाऱ्याला काही नवं कळत नाही, तरी जीव कासावीस होतो. मान्य. पण त्याच महाभारताची सुरुवात कशी आहे? नैमिषारण्यात कथा सांगणारा सौती येतो, जनमेजयाच्या सर्पसत्राची गोष्ट निघते, आणि मग मागे जात जात कुरुकुळाचा पट उलगडतो. पणतूचा यज्ञ आधी, पणजोबांचं युद्ध नंतर. आपला सगळ्यात मोठा ग्रंथच सालवार सांगितलेला नाही. कर्णाचं रहस्य लवकर सांगायचं हे सांगणाऱ्याने ठरवलं आणि पुढचा प्रत्येक प्रसंग त्या हिशेबाने रचला. चित्रपटांच्या मालिकेत तसं नसतं. आधी आलेला चित्रपट रचताना पूर्वकथेचा चित्रपट बहुधा लिहिलेलाही नसतो. मग तो पुढे आणून ठेवला की जुन्या चित्रपटातले प्रसंग त्या ओझ्यासाठी घडवलेले नसतात, आणि ते वाकतात.

एका मालिकेबाबत तर हा प्रयोग दिग्दर्शकाच्याच हातून झाला आहे. एका माफिया घराण्याची गोष्ट सांगणारा ‘द गॉडफादर’ १९७२ चा, दुसरा भाग १९७४ चा. दुसऱ्या भागात बापाचं तरुणपण आणि मुलाचा कारभार आलटून पालटून येतात. बाप गरिबीतून माणसं जोडत वर येतो, मुलगा गादीवर बसून एकेक माणूस तोडत जातो, आणि एका दृश्यातून दुसऱ्यात जाताना ही तुलना आपोआप होते, कुणी बोलून दाखवत नाही. १९७७ मध्ये अमेरिकन टीव्हीसाठी दिग्दर्शक कोपोलाने दोन्ही चित्रपट सालवार जोडले आणि ते चार रात्री दाखवले गेले. १९०१ पासून सरळ पुढे. गोष्ट समजायला सोपी झाली. पण बाप आणि मुलगा शेजारी शेजारी उभे राहणं गेलं, आणि दुसऱ्या भागाचा जीव तिथेच होता.

‘स्टार वॉर्स’चं प्रकरण सगळ्यात गुंतागुंतीचं, म्हणून जरा थांबून बघण्यासारखं. पहिले तीन चित्रपट १९७७, १९८० आणि १९८३ चे. त्यांची पूर्वकथा १९९९, २००२ आणि २००५ ला आली. १९७७ चा चित्रपट लागला तेव्हा त्यावर ‘भाग ४’ असं काही लिहिलेलं नव्हतं. ते १९८१ मध्ये पुन्हा प्रदर्शित करताना जोडलं. म्हणजे आज आकड्याप्रमाणे १ ते ६ बघणारा माणूस नंतर चिकटवलेल्या लेबलावर विसंबून बघत असतो. १९८० च्या चित्रपटात एका वाक्यात मोठं गुपित फुटतं. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी ते इथे लिहीत नाही. आकड्याप्रमाणे बघितलं तर ते गुपित भाग ३ मध्येच, म्हणजे दोन चित्रपट आधी, उघडं पडतं. शिवाय २००५ मधली वेगवान तलवारबाजी बघून लगेच १९७७ ची बघितली की ती दोन माणसं दमलेली वाटतात. त्यात दोष जुन्या चित्रपटाचा नाही, मागून-पुढून लावण्याचा आहे.

पण प्रदर्शनाच्या क्रमालाही इथे एक खड्डा आहे, आणि तो माहीत असायला हवा. जुन्या तिन्ही चित्रपटांत १९९७ पासून बदल होत गेले. २००४ च्या डीव्हीडीत १९८३ च्या चित्रपटाचं शेवटचं दृश्य बदललं: तिथे दिसणाऱ्या एका म्हाताऱ्या नटाच्या जागी पूर्वकथेतल्या तरुण नटाचा चेहरा घातला. आज जो चित्रपट सहज मिळतो तो हा बदललेलाच. त्यामुळे प्रदर्शनाच्या क्रमाने बघणारा तिसऱ्या चित्रपटाच्या शेवटाला येतो आणि समोर एक अनोळखी पोरगा हसताना दिसतो. हा कोण, म्हणून घरातले सगळे एकमेकांकडे बघतात. यावर जाणकारांनी काढलेला तोडगा म्हणजे ‘मशेटी क्रम’: ४, ५, मग २, ३, आणि शेवटी ६, पहिला भाग वगळून. गुपित ५ मध्ये योग्य जागी फुटतं, त्यानंतर दोन चित्रपट मागे जाऊन ते कसं घडलं ते सांगतात, आणि ६ मध्ये शेवट. जरा नीट बघितलं तर ही ‘बाहुबली’चीच बांधणी आहे. मला हा तोडगा पटतो, पण पहिला भाग गाळणं पटत नाही. लहान मुलांना तो आवडतो, त्यातली शर्यत तर फारच. तेव्हा ४, ५, १, २, ३, ६ असं बघावं. सहा चित्रपटांचे साधारण १३ तास होतात. रोज एक म्हटलं तर दिवाळीच्या सुट्टीत आरामात बसतात.

मार्व्हलच्या सुपरहिरो चित्रपटांबद्दल थोडक्यात. कथेच्या सालाप्रमाणे यादी लावली की दुसऱ्या महायुद्धातला कॅप्टन अमेरिका (२०११) पहिला येतो आणि १९९५ सालात घडणारी कॅप्टन मार्व्हल (२०१९) दुसरी. आता पहिल्याचं पहिलंच दृश्य बघा: आजच्या काळात बर्फात गाडलेलं विमान आणि ढाल सापडते. सालवार यादीचा पहिलाच चित्रपट सालवार नाही. दुसऱ्याचं दुखणं आणखी मोठं. नामावली सुरू असताना मध्येच येणारं दृश्य २०१८ च्या, म्हणजे एकोणिसाव्या, चित्रपटानंतरचं आहे. तिथे नायक मंडळी सर्वनाशाचे आकडे मोजत बसली आहेत. म्हणजे बावीस चित्रपटांच्या प्रवासात दुसऱ्याच मुक्कामाला एकोणिसाव्याचा शेवट कळला. २००८ च्या ‘आयर्न मॅन’पासून सुरू करा, वाद संपला.

‘फास्ट अँड फ्युरियस’मध्ये मुलं हमखास अडकतात. २००६ च्या टोकियोतल्या भागात हान नावाचा गडी मरतो आणि २००९, २०११, २०१३ च्या भागांत पुन्हा गाडी चालवताना दिसतो. “हा मेलेला न्हवं? परत कसा आला गा?” हा प्रश्न येणारच. कारण साधं आहे: ते तीन भाग टोकियोच्या आधी घडतात. म्हणून पुष्कळजण १, २, ४, ५, ६, ३, ७ असा क्रम सुचवतात. पण सहाव्याच्या शेवटी त्याच अपघाताचं दृश्य नव्या बाजूने दाखवलंय, तो अपघात नव्हता हे सांगण्यासाठी. तिसरा भाग न बघता सहावा बघितला तर कुठला अपघात हेच माहीत नसतं, आणि मग तिसरा बघताना सगळं आधीच कळलेलं असतं. पोराला एका वाक्यात सांगा, हे आधीचं आहे, आणि १ ते ७ बघू द्या.

आता तो अपवाद. गोष्टीचा शेवट समाजाला आधीच ठाऊक असेल, लपवायला काहीच नसेल, तर सालवार बघणंच योग्य. म्हणजे इतिहास. नंदगडच्या मुलाला कित्तूरचा वीर संगोळ्ळी रायण्णा १८३१ मध्ये त्याच्याच गावात फासावर गेला हे चित्रपट बघून कळत नाही, ते त्याला चालायला लागल्यापासून माहीत असतं. बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीचंही तसंच. एका ट्रॉलीवर अफझलखानाचा वध, मागच्या ट्रॉलीवर राज्याभिषेक, त्यामागे जन्म. रात्रभर रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माणसाला क्रम चुकल्याचा त्रास होत नाही, कारण क्रम त्याच्या डोक्यात पक्का आहे. पण दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात तो पक्का नसतो, आणि तो पक्का करायची उत्तम संधी आपण वाया घालवतो आहोत.

दिग्पाल लांजेकरांचे शिवकालावरचे पाच चित्रपट घ्या. आले ते असे: ‘फर्जंद’ २०१८, ‘फत्तेशिकस्त’ २०१९, ‘पावनखिंड’ आणि ‘शेर शिवराज’ २०२२, ‘सुभेदार’ २०२३. त्यांतल्या घटनांची सालं याच क्रमाने लिहून बघा: १६७३, १६६३, १६६०, १६५९, १६७०. पहिले चार चक्क उलटे आहेत! मंडळं हे चित्रपट गणेशोत्सवात किंवा मे महिन्याच्या सुट्टीत दाखवतात ती बहुतेक आल्या त्या क्रमाने किंवा मिळेल त्या क्रमाने. मुलं पाच पराक्रम बघतात, पण एक पराक्रम दुसऱ्याला जन्म कसा देतो ते त्यांना दिसत नाही.

ते दिसायला ‘शेर शिवराज’ आधी हवा. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली अफझलखान मारला गेला, आणि त्यानंतर अवघ्या अठरा दिवसांत, २८ नोव्हेंबरला, महाराजांनी पन्हाळा घेतला. पन्हाळा घेतला म्हणून १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा पडला. वेढा पडला म्हणून जुलैत भर पावसात विशाळगडाकडे निघावं लागलं आणि घोडखिंडीत बाजीप्रभू उभे राहिले. ती ‘पावनखिंड’. महाराज विशाळगडी पोचले, पण पन्हाळा त्या वर्षी हातचा गेला. १६६३ मध्ये लाल महाल, म्हणजे ‘फत्तेशिकस्त’. मग १६६५ चा पुरंदरचा तह, त्यात २३ किल्ले गेले आणि कोंढाणा त्यातलाच. यावर या पाचांत चित्रपट नाही, म्हणून इथे कुणीतरी उठून पाच मिनिटं बोलायला हवं. नाहीतर ‘सुभेदार’मध्ये आपलाच किल्ला आपण परत का घेतोय हे मुलांना कळत नाही. १६७० मध्ये कोंढाणा परत आला, तानाजी गेले. आणि शेवटी ‘फर्जंद’: १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंद साठ गड्यांनिशी पन्हाळा परत घेतो. तेरा वर्षांपूर्वी ज्या किल्ल्यावरून निसटावं लागलं, ज्यासाठी बांदल मावळे खिंडीत पडले, तोच हा किल्ला. ‘फर्जंद’ पहिला बघणाऱ्याला ती एका किल्ल्याची धाडसी लढाई वाटते. शेवटी बघणाऱ्याला ते तेरा वर्षांचं देणं फिटल्यासारखं वाटतं. दिवाळीत अंगणात मातीचा पन्हाळा करणाऱ्या पोराला हा फरक लगेच समजतो.

या क्रमाला अडचणी आहेत, त्या लपवण्यात अर्थ नाही. पाचही चित्रपटांत महाराजांची भूमिका चिन्मय मांडलेकरांनी केली आहे. सालवार लावलं की १६५९ मधले एकोणतीस वर्षांचे महाराज २०२२ मधल्या नटाच्या रूपात दिसतात आणि १६७३ मधले त्रेचाळिशीचे महाराज २०१८ मधल्या. वय उलटं चालतं. अजय पूरकर खिंडीत बाजीप्रभू म्हणून देह ठेवतात आणि ‘सुभेदार’मध्ये तानाजी होऊन समोर येतात. लहानांना सुरू होण्याआधीच सांगून ठेवलं की गोंधळ होत नाही. शेवटचा ‘फर्जंद’ सगळ्यात आधी झालेला, त्यामुळे आधीच्या चारांनंतर त्याचा थाट जरा साधा वाटेल. एवढी किंमत देऊन तेरा वर्षांची साखळी मिळत असेल तर सौदा महाग नाही.

इतिहास म्हणजे काय आणि नुसता जुना काळ म्हणजे काय, इथे मात्र घोटाळा नको. ‘कांतारा चॅप्टर १’ कदंबांच्या काळात घडतो, आणि खानापूर तालुक्यातल्या माणसाला कदंब म्हटलं की हलशी आठवते, भूवराह नरसिंहाचं देऊळ आठवतं. हलशी म्हणजे जुनी पलाशिका, बनवासीच्या कदंबांची दुसरी राजधानी. म्हणून तो चित्रपट इतिहासासारखा सालवार लावायचा मोह होतो. पण त्यातली गोष्ट लोकांना आधी ठाऊक असलेली नाही, ती कल्पनेने रचलेली दंतकथा आहे. तिचं गुपित तिच्या सांगणाऱ्याकडे आहे. तेव्हा २०२२ चा आधी, २०२५ चा नंतर.

मंडळाने किंवा वाचनालयाने मालिका दाखवायची तर आणखी काही गोष्टी बघाव्या लागतात. घरच्या वर्गणीवर ओटीटीवरचा चित्रपट चौकात पडदा लावून दाखवता येत नाही, हक्क ज्याच्याकडे आहेत त्याची परवानगी लागते. भाषा सगळ्या भागांना एकच ठेवावी. पहिला भाग हिंदीत आणि दुसरा कन्नडमध्ये बघितला की त्याच माणसाचा आवाज बदलतो आणि मुलांना तो दुसराच वाटतो. ‘केजीएफ’मध्ये हे जास्त जाणवतं. तिथे गोष्ट सांगणारा माणूसच बदलतो, पहिल्यात अनंत नाग आणि दुसऱ्यात प्रकाश राज, तेही बाप आणि मुलगा म्हणून. त्यात डबिंगही बदललं तर कोण कुणाचा कोण हे लागत नाही. टीव्हीवर लागलेल्या चित्रपटावर विसंबू नये. तिथे वेळेसाठी कात्री लागलेली असते, आणि बहुधा नामावलीनंतरचं दृश्यच जातं. रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करावा लागतो, म्हणून अडीच तासांचा चित्रपट सातच्या ठोक्याला सुरू झालाच पाहिजे. पाहुण्यांचा सत्कार, नारळ, भाषणं ही पहिल्या रात्रीच उरकावीत. तिसऱ्या रात्री, ‘फत्तेशिकस्त’ संपल्यावर, ती पाच मिनिटं पुरंदरच्या तहासाठी राखून ठेवावीत, आणि बोलणाऱ्याला २३ किल्ल्यांची यादी हातात देऊनच उभं करावं.